साडेबारा की साडेतेरा?

मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४. पहाटे पाच चाळीसला आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा गेले. वय ८१. दिवाळी सगळी पार पाडून, भाऊबीजेचं जेवण जेवून, दोन दिवसांनी. मी सहाला खाली उतरले तेव्हा डॉक्टर सर्टिफिकेट लिहून निघत होते, वहिनी पलंगाशेजारी बसल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. मुलगा कॅलिफोर्नियात, सान होजेला. थांबायचं का? थांबायचं तर किती?

पुण्यात हा प्रश्न कोणाला नवा नाही. आमच्या सोसायटीत जिन्यागणिक एक तरी घर असं आहे की ज्याचं माणूस तिकडे आहे. शीतपेटी कुठून मागवायची, स्मशानाचा पास कुठे मिळतो, हे आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. पाठ नसतो तो हिशोब. दर वेळी तो नव्याने मांडला जातो, आणि दर वेळी कुठेतरी तासाभराची गफलत होते.

माझी २८ वर्षं विमानाची तिकिटं काढण्यात गेली. लक्ष्मी रोडला आमचं ऑफिस, लाकडी जिना, आणि टेबलावर टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड टाइमटेबल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणाकडे तिकीट म्हटलं की मला हाक येते. तशी त्या दिवशीही आली. पुढे तेराव्यानंतर अण्णांची मुलगीच म्हणाली, "मावशी, हे सगळं लिहून ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून लिहिते आहे. नावं गाळली आहेत.

खोलीतली तीन उत्तरं

अण्णांचे धाकटे भाऊ, भाऊकाका, म्हणाले, "अमेरिका म्हणजे चोवीस तास. धरून चाला." ते एकदा जाऊन आले होते, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा असायचा. जावई लॅपटॉप उघडून बसले होते. ते म्हणाले, "सॅन फ्रान्सिस्को ते दिल्ली बारा हजार तीनशे ऐंशी किलोमीटर. ताशी नऊशेचा वेग धरला तर पावणेचौदा तास." आत्यांनी दोघांनाही उडवून लावलं. "माझी नात सोमवारी निघाली ती बुधवारी आली. दोन दिवस लागतात, उगाच काहीतरी सांगू नका."

तिघांचंही आपापल्या परीने खरं होतं. काका दारापासून दारापर्यंत मोजत होते, जावई हवेतले तास मोजत होते आणि आत्या कॅलेंडरवरचे चौकोन मोजत होत्या. गुरुजींना यातलं काहीच नको होतं. ते फोनवर म्हणाले, "मला अंतर नको, तास नको. वैकुंठ स्मशानभूमीत किती वाजता यायचं तेवढं सांगा."

मला विचाराल तर अख्ख्या घरात प्रश्न नीट विचारणारा तो एकच माणूस होता. अशा वेळी 'किती तास' हा प्रश्न कुणाच्याच कामाचा नसतो. पास काढायचा, नातेवाइकांना कळवायचं, शीतपेटी एक दिवसाची घ्यायची की दोन, हे सगळं 'किती वाजता' वर ठरतं.

मुलाचा फोन सहा दहाला आला. बहिणीने त्याला आधीच कळवलं होतं. तो ऑफिसातच होता. आवाज बसलेला, पण बोलणं मुद्द्याचं. "साडेआठचं डायरेक्ट दिल्ली आहे, एक सीट दिसतेय, घेतो. सोळा-एक तास लागतात. दिल्ली-पुणे तुम्ही बघा, मी घरी जाऊन पासपोर्ट घेतो." फोन बंद.

पासपोर्ट भारतीय, म्हणून एक काळजी मिटली. अमेरिकन पासपोर्ट असता तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं) कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे इथून सुरुवात झाली असती. माझ्या नोकरीत मी अशी प्रकरणं पाहिली आहेत, जिथे सीट मिळाली आणि कागद मिळाला नाही.

एका तासाचा घोळ

जावईबापू हुशार माणूस. त्यांनी लगेच पाठकोऱ्या कागदावर मांडलं: तिथले सोमवारचे रात्रीचे साडेआठ, अधिक साडेबारा तास, म्हणजे आपले मंगळवारचे सकाळचे नऊ. त्यात सोळा मिळवले की बुधवारी रात्री एक वाजता दिल्ली. दिल्लीहून पुण्याला तीन चाळीसचं विमान दिसत होतं, पाच पन्नासला लोहगावला उतरणारं. मध्ये दोन तास चाळीस मिनिटं. त्यांचं बोट पैसे भरायच्या बटणावर गेलं होतं.

मी विचारलं, "फरक किती धरलात?"

"साडेबारा."

मुलगी म्हणाली, "साडेबाराच आहे मावशी. परवा भाऊबीजेला मी त्याला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं ना. आपले सकाळचे नऊ होते, त्याचे शनिवारी रात्रीचे साडेआठ."

ती चुकत नव्हती. भाऊबीजेच्या सकाळी फरक साडेबारा तासांचाच होता. पण त्याच रविवारी, ३ नोव्हेंबरला, आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे दोन होते, आणि तिथल्या लोकांनी घड्याळं तासभर मागे घेतली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २००७ पासून हाच नियम आहे. भारताचं घड्याळ बारा महिने जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. कॅलिफोर्नियाचं उन्हाळ्यात सात तास मागे, हिवाळ्यात आठ. साडेपाच आणि सात मिळून साडेबारा, साडेपाच आणि आठ मिळून साडेतेरा. ओवाळणी साडेबारात झाली होती आणि अण्णा साडेतेरात गेले होते.

आमच्या ऑफिसात एक रीत होती, ती मी अजून सोडलेली नाही. दोन घड्याळांत गणित करायचं नाही. प्रवासाचे सगळे टप्पे आधी पुण्याच्या घड्याळात आणायचे, मग बेरीज. विमान सुटणार सोमवारी रात्री साडेआठला, म्हणजे पुण्याचे मंगळवारी सकाळचे दहा. नऊ नव्हेत. मुलाला फोन करून तिकिटाचा फोटो पाठवायला सांगितलं. तो यायला वीस मिनिटं लागली, ती वीस मिनिटं जावयांना फार जड गेली. तिकिटावर दिल्लीला पोचायची वेळ होती बुधवार, पहाटे एक पन्नास. म्हणजे पंधरा तास पन्नास मिनिटं.

तिकिटावर छापलेल्या वेळा नेहमी त्या त्या गावच्या असतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही घाईत सगळे त्यांची थेट वजाबाकी करतात. सोमवारी साडेआठ ते बुधवारी एक पन्नास, सरळ वजाबाकी केली तर एकोणतीस तास वीस मिनिटं. त्यातून साडेतेरा तास वजा केले की पंधरा पन्नास उरतात. आत्यांच्या 'दोन दिवसां'चं मूळ याच एकोणतीस तासांत होतं.

आता हा एक तास म्हणजे काय, तर तीन चाळीसच्या विमानाआधी दोन तास चाळीस मिनिटं नव्हती, एक तास पन्नास होती. आणि एक पन्नास ही वेळ विमान जागेवर लागायची. मग चालत इमिग्रेशनपर्यंत, तिथली रांग, मग कस्टम्स, मग बाहेर. रात्री बारा ते तीन ही दिल्लीला परदेशी विमानं उतरायची ऐन गर्दीची वेळ. शिवाय ते तीन चाळीसचं दुसऱ्या टर्मिनलवरून होतं, आणि तिकीट वेगळं. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढची सोय विमानकंपनीला करावी लागते. वेगळं काढलेलं तिकीट चुकलं तर ते आपलं नशीब. काउंटरवरचा मुलगा फार तर वाईट वाटल्याचा चेहरा करतो.

पाच पस्तीसचं, त्याच टर्मिनलवरचं विमान घेतलं. पुण्यात सात पंचेचाळीस. भाऊकाका कुरकुरले, "दोन तास उगाच घालवलेत." मी काही बोलले नाही. मुलाला एकच निरोप दिला: बॅग चेक-इन करू नकोस, हातात मावेल तेवढंच घे.

गुरुजींना साडेदहा सांगितले. लोहगावहून घरी यायला सकाळच्या गर्दीत एक तास, घरात एक तास, आणि थोडी सूट. वहिनींना मी हळूच विचारलं, चालेल ना? लेक समोर होती, तिने अग्नी दिला असता तरी अण्णांना चाललं असतं, ते तशा विचारांचे होते. वहिनी म्हणाल्या, "अग्नी कुणीही देऊ दे. त्याला एकदा बघू दे." मग तो विषय तिथेच संपला.

दोरा

त्यानंतर दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं. शीतपेटी आली, तिचा पंखा घुमत राहिला, माणसं येत-जात होती. मुलीचा मुलगा सातवीतला. दुपारी तो त्याचा पृथ्वीगोल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. "आजी, मामा आत्ता कुठे आहे?"

विमान चाळीस मिनिटं उशिरा हललं होतं, पुण्याच्या घड्याळात दहा चाळीसला. धावपट्टीवर जाऊन उडेपर्यंत अकरा. आता तीन वाजले होते. चार तास.

मी वहिनींच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा घेतला. एक टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धरायला त्याला सांगितलं, दुसरं मी दिल्लीवर धरलं आणि ताणलं. त्याला वाटलं होतं दोरा अटलांटिकवरून, युरोपवरून जाईल, शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं. दोरा ताणला तसा सरकत सरकत वर गेला आणि अलास्काच्या अंगावरून, पार गोठलेल्या समुद्रावरून सैबेरियात उतरला. ही गोलावरची सगळ्यात जवळची वाट. तिला ग्रेट सर्कल म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात बृहद्‌वृत्त म्हणून येतं ते हेच.

मग मोजलं. गोलाचा व्यास २० सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा साधारण १२,७४२ किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर ६३७ किलोमीटरचा. दोरा भरला १९.४ सेंटिमीटर. गुणाकार पोराने केला: १२,३५८. सकाळी जावयांनी सांगितलं होतं १२,३८०. शिवणाच्या दोऱ्याने बावीस किलोमीटरचा फरक, एवढं चालतं.

हे ऐकून जावईही खाली येऊन बसले. त्यांनाही बोलायला काहीतरी हवं होतं. त्यांनी कबूल केलं, की सकाळी आधी त्यांनी स्वतः गणित केलं होतं आणि भलतंच उत्तर आलं, म्हणून मग इंटरनेटवर बघितलं. दिल्ली ७७.१ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२.४ पश्चिम, बेरीज १९९.५ अंश, एक अंश १११ किलोमीटर, आले बावीस हजारांच्या वर. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही नेहमीच्या. पहिली: १९९.५ म्हणजे अर्ध्या पृथ्वीपेक्षा जास्त, तेव्हा दुसऱ्या बाजूने जायचं, ३६० वजा १९९.५, म्हणजे १६०.५. तरी १७,८०० येतातच. कारण दुसरी चूक: रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा फक्त विषुववृत्तावर. वर जाल तसा तो संत्र्याच्या फोडीसारखा निमुळता होत जातो आणि ध्रुवावर शून्य. दोऱ्याला हे न सांगता कळतं, म्हणून तो वर सरकतो.

सूत्राने करायचं तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरून साइन-कोसाइन मिळतात. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवायचा. दिल्लीचा अक्षांश २८.५७, सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२. साइन ०.४७८ आणि ०.६१०, गुणाकार ०.२९२. कोसाइन ०.८७८ आणि ०.७९२, गुणाकार ०.६९६, त्याला १६०.५ च्या कोसाइनने, म्हणजे उणे ०.९४३ ने गुणलं की उणे ०.६५६. बेरीज उणे ०.३६४. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन १११.३ अंश. हा कोन पृथ्वीच्या मध्यबिंदूशी होतो, आणि त्याचा प्रत्येक अंश मात्र खराखुरा १११.२ किलोमीटरचा. आले बारा हजार तीनशे ऐंशीच्या जवळपास. जावयांनी दोनदा करून बघितलं. (पुणे-मुंबईसारख्या जवळच्या अंतराला हे सूत्र असं तीन दशांशांत वापरू नका. कोन इतका लहान असतो की कोसाइन १ ला चिकटून बसतो आणि उत्तर पार बिघडतं. ते अंतर हवाई १२४ किलोमीटर आहे, पण तिथे सूत्रापेक्षा घाटातली वाहतूक बघितलेली बरी.)

पोराला हे सगळं कंटाळवाणं झालं होतं. त्याने दिल्लीवरचं माझं बोट उचलून पुण्यावर नेलं आणि दोरा पुन्हा ताणला. आणि ओरडला, "आजी, बघ, दिल्लीवरूनच जातोय!"

खरंच जात होता. तिकिटांच्या इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. जावयांनी आकडे काढले. सॅन फ्रान्सिस्को ते पुणे थेट १३,५३७ किलोमीटर. दिल्लीमार्गे १२,३८० अधिक दिल्ली-पुणे १,१५७, म्हणजे तेवढंच. दिल्ली अगदी वाटेत. मुंबईमार्गे केलं तर १३,५१० अधिक १२४, म्हणजे शंभरएक किलोमीटर जास्त. मुंबई आपल्याला उशाशी वाटते, पण अमेरिकेहून येताना ती वाटेच्या बाजूला पडते. भाऊकाका सकाळपासून म्हणत होते, "दिल्लीला कशाला वळसा घालतोय, मुंबईला उतरून टॅक्सीने यायचं ना." मुंबईचं थेट विमान त्या दिवशी नव्हतंच, पण असतं तरी वळसा कुणाचा, ते त्या दोऱ्यात दिसत होतं.

मग पुण्यालाच थेट विमान का नाही, असं पोराने विचारलं. लोहगावचा तळ हवाई दलाचा, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. तेरा-साडेतेरा हजार किलोमीटरचं इंधन भरलेलं विमान एवढ्याशा धावपट्टीवरून उडवता येत नाही. तेवढंच सांगितलं.

चार तासांचे साधारण साडेतीन हजार किलोमीटर धरले. दोऱ्यावर साडेपाच सेंटिमीटर. अंगठा पडला अलास्कावर. पोराने आईच्या मोबाइलवर विमानाचा माग दाखवणारं अॅप उघडलं, तर पिवळं विमान दोऱ्याच्या बरंच उजवीकडे, कॅनडाच्या उत्तरेकडे. तो हिरमुसला. "चुकलं आपलं."

चुकलं नव्हतं. दोरा ही कमीत कमी अंतराची वाट आहे. विमान कमीत कमी त्रासाची वाट घेतं. वारा कुठून आहे, कुठल्या देशाच्या हवाई हद्दीतून जायला परवानगी आहे, एखादं इंजिन बंद पडलं तर जवळ उतरायला विमानतळ कुठे, हे बघून रोज नवी वाट आखतात. २०१९ साली फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने हवाई हद्द बंद ठेवली होती, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसे पडले. अण्णांच्या नंतर, २४ एप्रिल २०२५ ला ती पुन्हा बंद झाली आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला थांबावं लागलं. दोऱ्याची लांबी तीच राहिली, तिकिटावरचे तास वाढले.

म्हणून अंतराला वेगाने भागून वेळ काढायची रीत मी फक्त ढोबळ अंदाजाला वापरते. नऊशेचा आकडा तसा खरा आहे. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे छप्पन अंश असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास येतो आणि मोठं विमान त्याच्या ०.८४ पटीने, म्हणजे ताशी ८९० ने जातं. पण हा हवेतला वेग. हवा स्वतः वाहत असते. त्यात जमिनीवरची सरपट, चढणं, उतरणं, रांगेत घिरट्या. आमच्याच प्रकरणात बघा. १२,३८० किलोमीटरला पंधरा तास पन्नास मिनिटं, सरासरी ताशी ७८०. दिल्ली-पुणे १,१५७ किलोमीटरला दोन तास दहा मिनिटं, सरासरी जेमतेम ५३५. विमान बदललं म्हणून नाही. दोन्हीकडे चढणं-उतरणं-सरपटणं साधारण तेवढंच, फक्त लहान प्रवासात ते जास्त अंगावर येतं. नऊशेने भागलं असतं तर दिल्ली-पुणे सव्वा तासात झालं असतं. तेवढ्या वेळात काही वेळा विमान जागचंही हलत नाही.

भाऊकाकांची एक शंका राहिली होती. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान वर नुसतं थांबलं तर पुणं आपोआप खाली येणार नाही का? नाही येणार. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. चालत्या रेल्वेत उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण चहा आला.

बुधवार

प्रत्यक्षात असं झालं. चाळीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान दिल्लीला वेळेच्या अर्धा तास उशिरा, दोन वीसला जागेवर लागलं. दहा मिनिटं वाटेत भरून निघाली. इमिग्रेशनला पाऊण तास. तीन वाजून गेल्यावर तो बाहेर पडला तेव्हा तीन चाळीसच्या विमानाचं काउंटर बंद झालेलं होतं. ते तिकीट काढलं असतं तर काय झालं असतं, हे त्यानंतर कुणी मोठ्याने बोललं नाही. जावयांनी मात्र मला फोनवर नुसतं, "मावशी, तीन पाच," एवढंच सांगितलं.

पाच पस्तीसचं विमान दिल्लीच्या धुरक्यात अर्धा तास रखडलं. लोहगावला आठ पाच. कात्रजच्या बाजूच्या एका नातेवाइकाने गाडी नेली होती. घराशी गाडी थांबली तेव्हा नऊ दहा झाले होते. तो चप्पल न काढता आत गेला. वहिनींनी शीतपेटीचं झाकण उघडायला सांगितलं.

साडेदहाला गुरुजी वैकुंठात हजर होते.

आत्यांचा कागद

प्रकरण इथे संपलं असं मला वाटलं होतं. तेराव्यानंतर, बुधवारी २० तारखेला, मुलगा परत निघणार होता. आदल्या संध्याकाळी आत्यांनी त्याचं तिकीट चष्म्याजवळ धरून वाचलं आणि मला वर निरोप पाठवला. दिल्लीहून बुधवारी दुपारी बारा चाळीसला सुटणार, सॅन फ्रान्सिस्कोला बुधवारीच दुपारी दोन चाळीसला पोचणार.

"अगं, येताना एकोणतीस तास आणि जाताना दोन? हे छापताना चुकलेत."

आत्यांची नोकरी पतपेढीत गेलेली, व्याजाचे हिशोब हाताने केलेल्या. त्यांना साडेतेरा तास मिळवा-वजा करा सांगायच्या ऐवजी मी म्हटलं, दोन्हींची बेरीज करा आणि निम्मी करा. येताना घड्याळांचा फरक वाढतो, जाताना तेवढाच घटतो; बेरजेत तो आपोआप कटतो. एकोणतीस वीस अधिक दोन, एकतीस वीस. निम्मे पंधरा चाळीस. एका बाजूचा सरासरी प्रवास. फरक माहीत नसला, हिवाळा-उन्हाळा आठवत नसला, तरी ही युक्ती चालते. फक्त दोन्ही प्रवास घड्याळ बदलण्याच्या एकाच बाजूला हवेत.

आत्यांनी पुन्हा आकडे लावले. येताना पंधरा पन्नास होते, मग जाताना पंधरा तीसच. "वीस मिनिटं कमी का?"

वाऱ्यामुळे. एवढ्या उंचीवर आपल्या उत्तरेकडच्या अक्षांशांत वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो, त्याच्या पाठीवर बसलं की वेळ वाचतो. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकवरची वाट १३,९०० किलोमीटरची होती, पॅसिफिकवरची १५,३०० ची. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या वाटेपेक्षा साधारण दोन तास आधी. हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा भाऊकाका कोपऱ्यातून म्हणाले, "म्हणजे मी म्हणत होतो ते पृथ्वी फिरण्याचं..." आत्यांनी त्यांना हाताने गप्प केलं.

मग त्यांनी स्वतःच मांडलं. तिथले दुपारचे दोन चाळीस, अधिक साडेतेरा, म्हणजे आपले गुरुवारी पहाटेचे चार दहा. भिंतीवरच्या कालनिर्णयात गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरात त्यांनी ४.१० लिहिलं.

गुरुवारी मला चारलाच जाग आली. खालच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता. फोन वाजला तेव्हा चार पंचवीस झाले होते, आणि आत्यांचा आवाज जिन्यातून वरपर्यंत आला: "पंधरा मिनिटं उशीर का रे झाला?"